उत्तम घड्याळ कोणी ठरवायचे?

‘निकष’ हा शब्द आपण समीक्षेत इतक्या सवयीने वापरतो, की तो मुळात एक दगड आहे याचा विसर पडतो. सराफ सोने घासून पाहतो, तो काळा दगड. त्याला सोने वितळवावे लागत नाही की तोडावे लागत नाही. एक रेघ त्याला पुरते. आणखी एक गोष्ट आपण गृहीत धरतो, ती अशी की सोने विकायला आणणारा वेगळा आणि दगड बाळगणारा वेगळा. उंची घड्याळांच्या श्रेष्ठतेसाठी गेल्या दीडशे वर्षांत युरोपात जे निकष तयार झाले, त्यांचा अभ्यास करताना मला हा दगड सारखा आठवत होता. तो कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न त्या निकषांच्या कलमांइतकाच महत्त्वाचा आहे.

विषय काढायला निमित्तही आहे. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनस्टाइन या चार देशांच्या एफ्टा गटाशी भारताने मार्च २०२४ मध्ये व्यापार करार केला आणि तो १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. या करारानुसार स्विस घड्याळांवरचे आयात शुल्क सात वर्षांत टप्प्याटप्प्याने उतरत जाणार आहे. म्हणजे ही घड्याळे आपल्याकडे अधिक दिसतील आणि त्यांच्याबद्दल मराठीत अधिक लिहिले जाईल. ते लिखाण कंपन्यांच्या माहितीपत्रकांच्या भाषेत होऊ नये, असे मला वाटते. चित्राची, साडीची, तबल्याच्या नादाची समीक्षा होते, तशी घड्याळाचीही व्हायला हरकत नाही. मी राहतो त्या साकोलीपासून असल्या घड्याळांचे दुकान शंभरेक किलोमीटरवर, नागपूरला. हे अंतर मला अडचणीचे वाटत नाही. दुकानाच्या दिव्यांखाली जे दिसते त्याखेरीजही घड्याळात पाहण्यासारखे पुष्कळ असते.

आधी आपल्याच परंपरेतला एक वाद सांगतो, कारण पुढचे सगळे युरोपीय वाद त्यात बीजरूपाने आहेत. ‘घड्याळ’ या शब्दामागे ‘घटी’ आहे. तळाला भोक असलेले तांब्याचे वाटीसारखे पात्र पाण्यावर सोडायचे. ते भरून बुडाले की एक घटिका झाली. दिवसरात्रीच्या साठ घटिका, म्हणजे एक घटिका चोवीस मिनिटांची. आपल्याकडच्या लग्नांत हे पात्र अगदी अलीकडेपर्यंत दिसत असे. जुन्या ज्योतिषग्रंथांत या पात्राची सविस्तर मापे दिलेली आढळतात. दहा पळे तांबे घ्यावे, उंची सहा अंगुळे असावी, ठरावीक वजनाच्या सोन्याच्या सळीने भोक पाडावे. भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’त (११५०) ही मापे बाजूला ठेवली. असले वर्णन युक्तीला धरून नाही आणि तसे पात्र घडवणेही कठीण, अशी त्यांची भूमिका. पात्र कसेही असो, अहोरात्रात ते किती वेळा बुडते ते मोजा आणि अहोरात्राला त्या संख्येने भागा; तेच त्या पात्राचे मान. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. तेव्हा हा वाद आपल्या अंगणातलाच म्हणायला हरकत नाही.

एक बाजू विचारते की पात्र कसे घडवले. दुसरी विचारते की ते कसे चालते. स्विस निकषांच्या जंगलात शिरताना एवढा कंदील हातात पुरे आहे.

‘कसे चालते’ या बाजूचा इतिहास वेधशाळांतून सुरू होतो. समुद्रावर रेखांश काढण्यासाठी अचूक घड्याळ लागे, त्यामुळे घड्याळांची परीक्षा खगोलशास्त्रज्ञांकडे आली. लंडनजवळची क्यू, स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा आणि नुशातेल या वेधशाळांत घड्याळे आठवडेच्या आठवडे ठेवली जात. ती उभी-आडवी, उलटी-सुलटी केली जात, गारठ्यात आणि उबेत ठेवली जात आणि रोज किती सेकंद पुढे-मागे जातात ते लिहिले जाई. निकाल जाहीर होई. परीक्षक शास्त्रज्ञ होता आणि त्याला घड्याळ विकायचे नव्हते. सराफाच्या दगडाची अट इथे पुरी होत होती. तरीही या परीक्षेत एक खोट होती. स्पर्धेला पाठवलेली घड्याळे दुकानात मिळत नसत. प्रत्येक मोठ्या कंपनीकडे खास कारागीर असत. चार-दोन निवडक यंत्रे घेऊन ती महिनोन्‌महिने जुळवत बसणे एवढेच त्यांचे काम. कृषिप्रदर्शनातल्या भोपळ्यावरून गावाच्या पिकाची आणेवारी काढावी, तशातला तो प्रकार.

१९६४ पासून जपानची सेको नुशातेलच्या स्पर्धेत उतरली. सुरुवातीला ती यादीत फार खाली होती; १९६७ मध्ये कंपन्यांच्या क्रमवारीत तिच्या दोन कारखान्यांनी दुसरे आणि तिसरे स्थान घेतले. पुढच्या वर्षी जिनिव्हाच्या परीक्षेत यांत्रिक मनगटी घड्याळांत सेकोची घड्याळे सर्वांत वर होती. नुशातेलची स्पर्धा त्यानंतर चालू राहिली नाही. या दोन गोष्टींत कार्यकारणभाव किती आणि योगायोग किती, यावर घड्याळप्रेमी आजही भांडतात. माझे मत असे की कारण काहीही असो, परिणाम एकच झाला: परदेशी स्पर्धकाला प्रवेश असलेली, निकाल उघडपणे टांगणारी परीक्षा संपली.

तिची जागा १९७३ मध्ये स्थापन झालेल्या ‘सीओएससी’ या स्विस संस्थेने घेतली. क्रोनोमीटर ही पदवी आज मुख्यतः तिथूनच मिळते. प्रत्येक यंत्र स्वतंत्रपणे पंधरा दिवस, पाच स्थितींत आणि तीन तापमानांत तपासले जाते. सरासरी चाल दिवसाला चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे या मर्यादेत हवी. इथे प्रदर्शनातला भोपळा नाही, सगळे पीकच तपासले जाते, आणि ही मोठी सुधारणा होती. मात्र तपासले जाते ते यंत्र, घड्याळ नव्हे. पेटीत बसवण्याआधीच यंत्राची परीक्षा होते. नंतर त्यावर काय बसवले, कसे बसवले, याच्याशी प्रमाणपत्राला देणेघेणे नाही. आणखी एक गंमत अशी की ती तीन तापमाने आठ, तेवीस आणि अडतीस अंश सेल्सिअस आहेत. आमच्याकडे मे महिन्यात अडतीस अंश ही सकाळी दहाची हवा असते. मनगटावरच्या घड्याळाला शरीराचे तापमान सांभाळून घेते, म्हणून यावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये. पण ‘सर्व परिस्थितींत’ हे शब्द माहितीपत्रकात वाचताना ती परिस्थिती कोणत्या गावची, हे विचारायला हरकत नाही.

पण हा सगळा डोलारा ज्या पायावर उभा होता, तो पायाच २५ डिसेंबर १९६९ रोजी सरकला होता. त्या दिवशी सेकोने टोकियोत ‘अ‍ॅस्ट्रॉन’ हे क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला काढले. महिन्याला पाच सेकंदांचा फरक. उत्तम यांत्रिक घड्याळ जेवढे एका दिवसात चुकते, तेवढे हे महिन्यात. पहिल्या अ‍ॅस्ट्रॉनची किंमत साडेचार लाख येन होती. पुढे पंधरा-वीस वर्षांत तेच तंत्र हायवेवरच्या टपरीत टांगलेल्या प्लॅस्टिकच्या घड्याळात आले. स्वित्झर्लंडमध्ये १९७० च्या सुमारास या धंद्यात नव्वद हजारांच्या आसपास माणसे होती. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यातली जेमतेम एक तृतीयांश उरली. चालीच्या निकषावर यांत्रिक घड्याळ कायमचे हरले. तरी ते मेले नाही. त्याने निकष बदलला.

तो निकष नवा नव्हता. जुन्या कपाटातून काढून पुढे ठेवला गेला, इतकेच. जिनिव्हा प्रांताने १८८६ मध्ये कायदा करून ‘जिनिव्हाचा शिक्का’ सुरू केला होता. हा शिक्का भास्कराचार्यांनी नाकारलेल्या बाजूचा, दहा पळे तांब्याच्या बाजूचा. यंत्र जिनिव्हा प्रांतात जुळवलेले हवे, पोलादी भागांच्या कडा तासून चकचकीत केलेल्या हव्यात, ज्वेलची भोके घासून गुळगुळीत हवीत, तारेच्या वाकवलेल्या स्प्रिंगा चालणार नाहीत. चाल किती सेकंदांची हवी, यावर त्याचा भर नव्हता. घड्याळ कसे ‘केले’ आहे, हे पाहणारा हा निकष. क्वार्ट्झनंतर उंची घड्याळांचे सगळे सौंदर्यशास्त्र याच बाजूला झुकले, आणि त्याच्या केंद्रस्थानी एक लहानसा कोपरा आला.

या कोपऱ्याबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे. घड्याळाच्या यंत्रात चाके धरून ठेवणाऱ्या पितळी किंवा जर्मन सिल्व्हरच्या पट्ट्या असतात. त्यांच्या कडा पंचेचाळीस अंशांत तासून आरशासारख्या करतात. फ्रेंचमध्ये त्याला अँग्लाज म्हणतात. कडेवर राहिलेला धातूचा कूस पुढे सुटून चाकांत अडकू नये, हा त्यामागचा मूळ व्यवहार. यंत्राने हे काम छान होते. बाहेरच्या कडा, वळणे, बाहेर आलेले कोन, सगळे होते. फक्त एक होत नाही. दोन कडा जिथे आतल्या बाजूला भेटतात, तिथे फिरणाऱ्या हत्याराच्या गोलाईएवढा गोलवा राहतो. तो कोपरा सुरीच्या टोकासारखा धारदार करायचा, तर माणसाला कानस घेऊन बसावे लागते आणि शेवटी जेन्शन नावाच्या डोंगरी झुडपाच्या वाळलेल्या काडीने तो घासावा लागतो. फिलिप द्यूफूर या कारागिराचे २००० साली आलेले ‘सिम्प्लिसिटी’ हे घड्याळ याच कामासाठी जगभर नावाजले गेले. त्यात तास, मिनिट आणि सेकंद यांपलीकडे काहीही नाही.

भंडारा जिल्ह्यातल्या वाचकाला हा आतला कोपरा परका वाटू नये. त्याचा सख्खा भाऊ आमच्याकडे मोहाडी-आंधळगावच्या मागावर आहे. टसरच्या करवतकाठी साडीचा काठ करवतीच्या दात्यांसारखा असतो. हे दाते छापलेले नसतात की भरलेले नसतात. साडीच्या अंगाचा आडवा धागा वेगळा, दोन्ही काठांचे आडवे धागे वेगळे, म्हणून धोटेही तीन. अंगाचा टसरचा धागा काठापाशी येतो, काठाच्या सुती धाग्यात अडकतो आणि परत फिरतो. तो काठात शिरतच नाही. म्हणून काठाचा रंग ठोस राहतो, भेसळत नाही. एकाच धोट्याने विणले तर काम भराभर होते, पण अंगाचा धागा काठातून आरपार जातो आणि काठाचा रंग मळतो. दात्यांची नक्कल जकार्डवर होते, छापूनही होते. जाणकार बाई साडी घेताना काठ उलटून बघते ती यासाठीच.

आतला कोपरा आणि करवतीचा दाता यांत साम्य केवळ दिसण्याचे नाही. दोन्ही ठिकाणी निकष अशा जागी ठेवला आहे, जिथे घाई करणाऱ्याला लपायला जागा नाही. चांगल्या निकषाची ही खूण मला पटते. ‘उत्कृष्ट’, ‘परिपूर्ण’, ‘कालातीत’ ही विशेषणे काहीच तपासत नाहीत. एक कोपरा मात्र पुष्कळ तपासतो. म्हणून हाताच्या कामाचा हा निकष निव्वळ श्रीमंतांचे चोचले म्हणून उडवून लावणाऱ्यांशी मी सहमत नाही. टसरचा काठ ज्या नजरेने आपण पाहतो, त्याच नजरेने तो कोपरा पाहावा.

माझा आक्षेप वेगळा आहे. हे काम एकेकाळी बंद झाकणाआड असे. ग्राहकाला ते दिसत नसे. दहा वर्षांनी दुसऱ्या गावचा घड्याळजी झाकण उघडी, तेव्हा त्याला दिसे. म्हणजे तो एका कारागिराने दुसऱ्या, अनोळखी कारागिराला लिहिलेला कागद होता. गेल्या तीस-चाळीस वर्षांत झाकणाला काच बसवण्याची पद्धत रूढ झाली आणि यंत्राची पाठ हाच दर्शनी भाग झाला. आता कडा चमकतात त्या काचेपाशी. काचेआड न दिसणाऱ्या, तबकडीखालच्या बाजूला किती घड्याळांत तेवढेच काम असते, हे उघडणाऱ्यालाच ठाऊक. साडीचा काठ उलटून बघायची सोय व्हावी, म्हणून दुकानदाराने उलटी बाजूच वर ठेवून घडी घालावी, तसे हे झाले. बघणाऱ्याची सोय झाली, पण उलटून बघण्याला अर्थ उरला नाही.

आणि दगड कोणाच्या हातात, तो प्रश्न इथे पुन्हा येतो. पाटेक फिलिप ही जिनिव्हाच्या शिक्क्याची सर्वांत प्रतिष्ठित मानकरी. २००९ मध्ये तिने तो शिक्का सोडला आणि स्वतःचा शिक्का काढला. त्याच्या अटी अधिक कडक आहेत, हे मान्य करावे लागेल. वीस मिलिमीटर व त्याहून मोठ्या यंत्राची चाल दिवसाला तीन सेकंद मागे ते दोन सेकंद पुढे, आणि तीही पेटीत बसवलेल्या पूर्ण घड्याळाची. सेकोनेही आपल्या ग्रँड सेकोसाठी स्वतःचे मानक ठेवले आहे, तेही सीओएससीपेक्षा कडक. दोन्हींच्या प्रामाणिकपणावर मला शंका घ्यायची नाही. पण स्वतःच प्रश्नपत्रिका काढून, स्वतःच सोडवून, स्वतःच तपासून मिळवलेल्या गुणांना प्रथेप्रमाणे वेगळे नाव असते. जिनिव्हाच्या शिक्क्यालाही पुढे जाग आली. २०११ मध्ये जाहीर झालेल्या नव्या नियमांत यंत्राबरोबर पूर्ण घड्याळ आले, सात दिवसांत एक मिनिटाच्या आत चाल ही अट आली. २०१५ पासून स्विस सरकारची मापनसंस्था ‘मेटास’ ओमेगाच्या घड्याळांना पंधरा हजार गॉसच्या चुंबकीय क्षेत्रात तपासते. दिवसाला शून्य ते पाच सेकंद पुढे, मागे अजिबात नाही. आज उपलब्ध असलेल्यांत हा निकष मला सर्वांत सरळ वाटतो, कारण दगड कंपनीचा नाही आणि अटी कोणालाही वाचता येतात. ‘स्विस मेड’ या शब्दांबद्दल फार लिहीत नाही. २०१७ पासून उत्पादनखर्चाचा साठ टक्के भाग स्वित्झर्लंडमध्ये व्हावा, अशी त्याची एक मुख्य अट आहे. तो पत्ता आहे, गुणवत्ता नव्हे.

एवढे सगळे वाचून झाल्यावर एक गोष्ट खटकत राहते. या सर्व परीक्षा घड्याळाच्या जन्माच्या वेळी होतात. पंधरा दिवस, सात दिवस. ज्या वस्तूबद्दल ‘पुढच्या पिढीसाठी’ असे बोलले जाते, तिची तिसाव्या वर्षी परीक्षा घेणारा एकही शिक्का नाही. तिसाव्या वर्षी परीक्षा घेतो तो बाजारातल्या काचेच्या पेटीमागे, डोळ्याला भिंग लावून बसलेला माणूस. ‘कसे केले’ आणि ‘कसे चालते’ यांच्या पुढचा तिसरा प्रश्न त्याचा आहे: बंद पडल्यावर कोणाला उघडता येते?

या प्रश्नावर आपल्या देशाकडे एक मोठे उत्तर होते. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळुरूला घड्याळे करायला सुरुवात केली. तिच्या ‘जनता’ घड्याळातले ०२३१ क्रमांकाचे यंत्र सतरा ज्वेलचे, तासाला अठरा हजार ठोक्यांचे, रोज किल्ली द्यावी लागणारे. जिनिव्हाच्या शिक्क्याला ते दारातही उभे करणार नाहीत. कडा तासलेल्या नाहीत, कोपरा बिपरा काही नाही. पण हेच यंत्र कितीतरी मॉडेलांत बसवलेले असल्याने एकाचा भाग दुसऱ्याला लागे. दोन बंद घड्याळांतून एक चालू घड्याळ निघे. तालुक्याच्या गावचा कारागीर ते डोळे मिटून खोली. ‘जनता’च्या काही तबकड्यांवर देवनागरी अंक होते, याचे आज संग्राहकांना कौतुक, मला त्याहून यंत्राची ही ओळखीची भाषा मोलाची वाटते. एचएमटीचा घड्याळधंदा बंद करण्याला केंद्रीय मंत्रिमंडळाच्या समितीने जानेवारी २०१६ मध्ये मंजुरी दिली. ‘जनता’ आजही चालतात, आणि त्यांना चालू ठेवायला कारखान्याची परवानगी लागत नाही.

याची दुसरी बाजू पाहा. स्वॉच समूहाने आपल्या घड्याळांचे सुटे भाग स्वतंत्र ठोक विक्रेत्यांना देणे २०१५ च्या अखेरीस थांबवले. भाग आता फक्त मान्यताप्राप्त सेवाकेंद्रांना. अशा धोरणांविरुद्ध युरोपातल्या दुरुस्ती कारागिरांच्या महासंघाने २००४ मध्येच युरोपीय आयोगाकडे तक्रार केली होती. आयोगाने ती २०१४ मध्ये फेटाळली आणि २०१७ मध्ये न्यायालयाने आयोगाचा निर्णय कायम ठेवला. कंपन्यांचे म्हणणे असे की अडाणी हाताने घड्याळ बिघडते आणि नाव कंपनीचे जाते. यात तथ्य नाही असे नाही. चुकीच्या तेलाने आणि बोथट स्क्रूड्रायव्हरने नासलेली यंत्रे कोणीही पाहिली असतील. पाटेक फिलिप तर १८३९ पासून स्वतः केलेले कोणतेही घड्याळ दुरुस्त करून देण्याची हमी देते, आणि ही हमी उंची घड्याळांच्या जगातली माझ्या दृष्टीने सर्वांत उदात्त गोष्ट आहे. पण ती हमी घड्याळाला माहेरी पाठवण्याची आहे. मेटासच्या कसोटीला उतरलेले घड्याळ साकोलीत, किंवा खुद्द नागपुरात, बंद पडले तर त्याच्या श्रेष्ठतेचे पुढे काय, यावर कोणत्याही निकषात एक ओळ नाही. शुल्क उतरल्यावर ही घड्याळे अधिक संख्येने येतील, तेव्हा ती ओळ मागायला हवी.

इथे एका अवघड शब्दाकडे यावे लागते: ‘मुंबई स्पेशल’. जगभरचे जुन्या घड्याळांचे संग्राहक हा शब्द शिवीसारखा वापरतात. मुंबईत स्विस घड्याळांचा बाजार जुना आहे. फावर-ल्युबा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तिथे होती. वेस्ट एंड वॉच कंपनी तर भारतीय बाजारासाठीच उभी राहिली. तिच्या ‘सोवार’ या नावातला ‘स्वार’ आपल्याला सहज ऐकू येतो. या घड्याळांचा आणि पुढे सेको-एचएमटीचा प्रचंड साठा देशात राहिला. तो मुंबईच्या कारागिरांनी दुरुस्त केला, चकाकवला, तबकड्या पुन्हा रंगवल्या, एकाचे काटे दुसऱ्याला बसवले, आणि ती घड्याळे परदेशी गिऱ्हाइकांना विकली जाऊ लागली. भडक निळी-नारिंगी तबकडी, मूळ मॉडेलला कधीच नसलेली अक्षरे, जाड प्लॅस्टिकची काच: हे ‘मुंबई स्पेशल’.

अशी तबकडी ‘मूळ’ म्हणून विकणे ही फसवणूक आहे, आणि तिथे संग्राहकांचा राग रास्त आहे. टसर म्हणून पॉलिस्टर विकणाऱ्याला आपण हस्तकलेच्या नावाखाली माफ करत नाही. पण त्या रागाबरोबर आलेले सौंदर्यशास्त्र तपासून घ्यायला हवे. संग्राहकांच्या निकषात सर्वोच्च गुण ‘स्पर्श न झालेल्या’ घड्याळाला मिळतात. काळी तबकडी उन्हाने तपकिरी पडली, तर लिलावात तिला ‘ट्रॉपिकल’ म्हणतात आणि बोली चढते. आमच्या विदर्भातल्या उन्हाने तीच तबकडी तपकिरी पडली तर घरातला माणूस म्हणतो, खराब झाली, बदलून आण. तो अडाणी आहे म्हणून असे म्हणत नाही. त्याला घड्याळ वापरायचे असते. त्याच्या दृष्टीने पितळी भांड्याला कल्हई करणे जसे भांड्याचा अपमान नव्हे, तसे तबकडी नवी करणे हा घड्याळाचा अपमान नव्हे. एकाचा निकष वस्तू जन्मली तशी राहावी हा, दुसऱ्याचा ती कामात राहावी हा. ‘मुंबई स्पेशल’ या शिवीत फसवणुकीचा निषेध आणि दुसऱ्या निकषाबद्दलची तुच्छता अशा दोन गोष्टी मिसळल्या आहेत. पहिली मला मान्य आहे. दुसरी आपण मराठीतूनही जशीच्या तशी उचलू लागलो आहोत, याचे वाईट वाटते.

हे दोन निकष एकत्र नांदूच शकत नाहीत, असे मात्र नाही. घड्याळजींची एक जुनी चाल आहे, युरोपातली आणि आपल्याकडचीही. घड्याळ साफ केले की झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने बारीक खूण कोरायची: तारीख, आद्याक्षर, कधी आपल्यापुरता एखादा आकडा. मूळ वस्तूला धक्का नाही आणि दुरुस्तीही लपवलेली नाही. एखादा शिक्का हीच चाल अधिकृत करू शकेल. कंपनीने सुटे भाग किती वर्षे आणि कोणाला मिळतील हे लेखी द्यावे, यंत्राचे तांत्रिक कागद कोणत्याही शिकलेल्या कारागिराला मिळावेत आणि दर दुरुस्तीची नोंद घड्याळासोबत राहावी. तीन अटी. अँग्लाजच्या आतल्या कोपऱ्यापेक्षा त्या पाळणे सोपे आहे.

माझ्या पाहण्यातल्या एका वेस्ट एंडच्या झाकणात अशा चार खुणा आहेत. पहिली रोमन अक्षरांत, तिरकी, वाचता न येणारी. दुसरीत फक्त साल आहे, १९५८. तिसरी आणि चौथी देवनागरीत, एकाच हाताच्या, अकरा वर्षांच्या अंतराने कोरलेल्या. चौथीतले अक्षर तिसरीपेक्षा थोडे मोठे आहे, बहुधा कोरणाऱ्याची नजर तोवर अधू झाली असावी. पाचव्या खुणेपुरती जागा कडेला शिल्लक आहे.